फवारणीले माणूस लावता तर आधी डब्यावरचा त्रिकोण पाहा
पऱ्हाटीवर (कपाशीवर) औषध मारणं आपल्याले पूर्ण बंद करता येत नाही, बोंडअळी आली की नीतिमत्ता-बितिमत्ता सगळी बांधावरच राहते, पण कोणतं औषध आन् कोणाच्या पाठीवर हे तरी आपल्या हातात आहे ना भौ. डब्यावर रंगाचा त्रिकोण असते, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात बरा. कृषी केंद्रात हिरवा-निळा मागा, दोन-तीन औषधं कालवून मारा म्हणत असन तर नको म्हणा, पक्कं बिल घ्या. 2017 ले यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर माणसं गेली, शेतकरी आन् मजूर दोन्ही.

मजुरी पंपामागं देऊ नका, माणूस घाई करते, वारं उलटं असलं तरी मारतच राहते. रोजानं द्या, थोडे जास्त लागतीन. हातमोजे, मास्क, चष्मा, साबण आपल्या खर्चानं, आन् त्याच्या पैशातून कापायचं नाही (कापणारे आहेत!). पऱ्हाटी डोक्यावर गेली असन तर फवारा सरळ तोंडावर येते, तिथं टाळाच. उपाशी माणसाच्या पाठीवर पंप देऊ नका. रिकामा डबा कोणी पाण्याले मागितला तरी द्यायचा नाही.