ऑनलाइन एम.ए. पत्रकारिता: प्रवेशाआधी आणि प्रवेशानंतर

पत्रकारितेचं ऑनलाइन एम.ए. करताना विद्यापीठाकडून अभ्याससाहित्य मिळतं, व्याख्यानं मिळतात, कायदा आणि संशोधनपद्धतीची बैठक पक्की होते आणि शेवटी पदवी हातात पडते. बातमी शोधणं, लोकांना बोलतं करणं, कागद मिळवणं आणि वेळेत कॉपी (लिहिलेली बातमी) देणं याची सोय मात्र ज्याची त्याने करायची असते. नियमित विभागात निदान प्रायोगिक अंक निघतो, बरोबरीचे विद्यार्थी असतात, मास्तर समोर बसून कॉपी लाल करतात. घरी बसून शिकणाऱ्याच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात आपल्या गावातला एक बीट, म्हणजे सतत बातम्या काढण्यासाठी नेमून घेतलेलं एक ठिकाण किंवा विषय, ठरवावा आणि गृहपाठ, प्रकल्प, प्रबंध शक्य तितके त्याच बीटवर उभे करावेत, असं आमचं ठाम मत आहे. पण आधी प्रवेशाचं बघू. तिथली चूक नंतर निस्तरायला फार जड जाते.

‘ऑनलाइन’ आणि ‘दूरस्थ’ या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लेखी दोन वेगळ्या पद्धती आहेत. दूरस्थमध्ये पुस्तकं आणि अभ्यासकेंद्र असतं. ऑनलाइनमध्ये ध्वनिचित्रित व्याख्यानं, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि चाचण्या असे चार भाग एका पोर्टलवर असतात. दोन्हींना २०२० चे विनियम लागू आहेत. मान्यताप्राप्त संस्थेतून घेतलेली अशी पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. खरी मेख ‘मान्यताप्राप्त’ या शब्दात आहे. विद्यापीठ नामांकित असलं म्हणजे त्याचा प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रम मान्य असतोच असं नाही. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर त्या सत्राची यादी उघडायची आणि विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव आणि पद्धत या तिन्ही गोष्टी एका ओळीत जुळतात का ते पाहायचं. जुळत नसतील तर फोनवरच्या समुपदेशकाने काहीही सांगितलं तरी पैसे भरू नयेत. दुसऱ्या कुठल्या संस्थेला आपला अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला देण्याची परवानगी विद्यापीठांना नाही, हेही लक्षात ठेवा. ‘आमच्या केंद्रातून परीक्षा पास करून देतो’ म्हणणारा माणूस दिसला की तिथून निघायचं.

पर्यायांमध्ये इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, हे एक जुनं नाव आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात पत्रकारितेसाठी स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी होतात. मराठी माध्यमाचा आधार हवा असेल तर १९८९ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तिथली मुख्य पद्धत दूरस्थ आहे. पुढे मराठी वृत्तपत्रातच काम करायचं ठरवलं असलं तरी इंग्रजी साहित्य वाचण्याची सवय लावून घ्यावी. संशोधनपद्धती आणि माध्यमसिद्धांताचं ताजं लेखन बहुतांशी त्याच भाषेत आहे.

आता डीईबी-आयडी, म्हणजे डीईबीकडचा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक. २०२४-२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी तो लागतो, आणि तो काढायला आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे अभ्यासाची क्रेडिट्स जमा होणाऱ्या खात्याचा, क्रमांक लागतो, जो डिजिलॉकरमधून निघतो. इथे महाराष्ट्रातले अर्ज अडकण्याचं ठरलेलं कारण म्हणजे नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं असा क्रम असतो. आधारवर बहुतेकदा स्वतःचं नाव आधी असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांची अडचण दुप्पट होते, कारण पदवी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. शेवटच्या आठवड्यात हे लक्षात आलं तर सत्र हातचं जातं. अंतिम तारखेच्या निदान दीड-दोन महिने आधी दहावीची गुणपत्रिका, पदवीची गुणपत्रिका आणि आधार समोरासमोर ठेवून प्रत्येक अक्षर तपासा. विवाहाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र लागणार असेल तर तेही तेव्हाच हाताशी येतं.

वेळेचा हिशोब बहुतेक जण चुकतात. इग्नूच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणून चार क्रेडिटच्या एका विषयाला १२० तास. सत्रात अशा २० क्रेडिटचा भार असेल तर ६०० तास झाले. २६ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २३ तास. नोकरी करणाऱ्याला रोजचे दोन तास आणि शनिवार-रविवार मिळून तेरा तास एवढे काढावे लागतील. ते निघत नसतील तर अभ्यासक्रम लांबवण्याची मुभा किती आहे ते माहितीपत्रकात आधीच बघून ठेवा आणि पहिल्यापासून तीन वर्षांची आखणी करा. दोन वर्षांचा हट्ट धरून चार विषय मागे ठेवण्यापेक्षा हे बरं.

गुणांची विभागणी साधारणपणे ३० टक्के अंतर्गत आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षा अशी असते. अंतर्गत म्हणजे मुख्यतः गृहपाठ. तयार उत्तरांच्या पीडीएफ बाजारात विकत मिळतात आणि एकच परिच्छेद अनेक वह्यांत उमटतो. तपासणाऱ्याला तो ओळखायला वेळ लागत नाही. प्रत्येक उत्तरात एक तरी उदाहरण आपल्या भाषेतलं आणि भागातलं असावं. भारतीय वृत्तपत्रांच्या इतिहासावर प्रश्न आला की सगळे बंगालपासून सुरुवात करून तिथेच थांबतात. तुम्ही ६ जानेवारी १८३२ ला निघालेलं बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’, १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढलेलं सत्यशोधकांचं ‘दीनबंधु’, १८८१ चा ‘केसरी’ आणि ३१ जानेवारी १९२० चा ‘मूकनायक’ एका धाग्यात मांडू शकता: कोणत्या वाचकासाठी, कोणत्या प्रश्नावर, कोणाच्या पैशाने. असं उत्तर उठून दिसतं. सिद्धांतांचा भाग पाठ करण्यासारखाच आहे. लासवेलचं संवादाचं सूत्र (कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला, काय परिणामाने सांगतो), गेटकीपिंग (कोणती बातमी आत येईल हे ठरवणं), अजेंडा सेटिंग (लोकांनी कशावर विचार करावा हे माध्यमांनी ठरवणं). नाव, वर्ष, एक आकृती, एक चालू उदाहरण, एवढ्यावर काम भागतं.

कायद्याच्या पेपरात जपून राहायला हवं, कारण छापील साहित्य मागे पडतं आणि कायदा पुढे जातो. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. अब्रुनुकसानी आता तिच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करण्यावरची बंदी कलम ७२ मध्ये. १८६७ चा जुना मुद्रण व नोंदणी कायदा जाऊन २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा आला, तो १ मार्च २०२४ पासून अंमलात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं, तरी ते लागू असल्यासारखं अजून उत्तरांत लिहिलं जातं. उत्तरात जुनं कलम आणि नवं कलम दोन्ही द्या. आणि हा पेपर परीक्षेपुरता ठेवू नका. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या अल्पवयीन मुलाचं नाव न देता त्याच्या शाळेचं, गल्लीचं आणि वडिलांच्या दुकानाचं नाव देणारी बातमी ओळख उघड करतेच, आणि पोक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ खाली ती गुन्हा ठरू शकते. एका मुलाचं आयुष्य त्यात गुंतलेलं असतं.

आता बीट. घरापासून तासाभरात पोहोचता येईल, नियमित कागद निर्माण करतं आणि लोकांच्या खिशाशी किंवा तब्येतीशी ज्याचा संबंध आहे असं एक ठिकाण निवडा: नगरपरिषद, ग्रामीण रुग्णालय, ग्रामपंचायत, कृषी उत्पन्न बाजार समिती. ग्रामपंचायत घेतली तर ग्रामसभा चुकवू नका. त्या प्रामुख्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. हजेरीपटावरच्या सह्या आणि प्रत्यक्ष बसलेली माणसं मोजली तरी बातमीची सुरुवात झाली.

बाजार समितीचं जरा जवळून पाहू. लिलावानंतर जी नोंद होते तिच्यात आवक क्विंटलमध्ये असते आणि दर तीन असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. नवखा वार्ताहर कमाल दर उचलून ‘कांद्याला इतका भाव’ असा मथळा करतो. तो भाव कधी कधी चांगल्या प्रतीच्या एखाद-दोन वाहनांनाच मिळालेला असतो. बाकीचा माल त्याच्या खाली गेलेला असतो. शेतकऱ्याच्या पदरात साधारण काय पडलं हे सर्वसाधारण दर सांगतो, आणि तोही त्या दिवशीच्या आवकेसोबत वाचला तरच. आवक निम्म्यावर आली असताना दर वाढला तर त्यामागचं कारण वेगळं, आवक तेवढीच असताना वाढला तर वेगळं. महिनाभर रोज या चार आकड्यांचा तक्ता भरा. मग हमाल, तोलाईदार, आडतदार, व्यापारी आणि ट्रॅक्टर लावून बसलेला शेतकरी अशा पाच जणांशी बोला. एवढ्या सामग्रीतून बातमी, रेडिओ वृत्त, छायाचित्र-कथा आणि विशेष लेख असे चार गृहपाठ होतात.

माहिती अधिकाराचा अर्ज प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात करावा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो; शुल्क १० रुपये. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर आपलं कार्यालय दिसत नसेल तर कागदावर कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यायचा आणि पोच घ्यायची. ‘रस्ता खराब का झाला?’ असा प्रश्न विचारला की उत्तर येत नाही, कारण कायदा उपलब्ध नोंदी देतो, खुलासे देत नाही. ‘अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती’ असं मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. प्रकल्प डिसेंबरात द्यायचा असेल तर अर्ज जुलैत गेला पाहिजे. ऑक्टोबरात अर्ज करणाऱ्यांचे प्रकल्प याच हिशोबात फसतात.

ध्वनी-चित्राच्या प्रात्यक्षिकासाठी बरा मोबाइल, तारेचा कॉलर माइक आणि छोटा ट्रायपॉड पुरतो. पैसे थोडेच असतील तर माइकवर खर्च करा. हललेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारा आवाज नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइटखाली चित्रण करताना सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. मोबाइल मुळात ३० फ्रेमवर असतो आणि त्यात उजेडाच्या पट्ट्या सरकताना दिसतात. संकलनात त्या सहजी जात नाहीत. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद धरा, आणि मुलाखत संपल्यावर त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर घेऊन ठेवा.

प्रबंधासाठी घरून झेपणारी पद्धत म्हणजे आशय विश्लेषण (अंकातला मजकूर ठरलेल्या प्रकारांत वर्ग करून, म्हणजे कोड करून, मोजणं), आणि तिथे नमुना निवडताना गोंधळ होतो. सलग सात दिवसांचे अंक घेतले तर एखादी निवडणूक किंवा सण सगळा निष्कर्ष ओढून नेतो. त्याऐवजी रचित आठवडा घ्या: ठरलेल्या काळातल्या सगळ्या सोमवारांमधून चिठ्ठी टाकून एक सोमवार, तसाच एक मंगळवार, असे सात अंक. वर्षभराच्या दैनिकासाठी असे दोन आठवडे, म्हणजे चौदा अंक, पुरेसे मानले जातात. कोणती आवृत्ती घेतली ते लिहून ठेवा. शहर आवृत्ती आणि जिल्हा आवृत्तीची पहिली पानंसुद्धा वेगळी असू शकतात. ई-पेपर जुना झाला की दिसेनासा होतो, म्हणून पानं त्याच दिवशी उतरवून घ्या. नमुन्याचा दहावा भाग दुसऱ्या कोणाकडून कोड करून घ्या आणि दोघांचं किती जुळलं ते मोजा. मौखिक परीक्षेत बहुधा यावरच बोट ठेवलं जातं.

उत्तीर्ण होण्याची रेषा आणि उपयोगी पडणारी रेषा यांत अंतर आहे. इग्नूत एम.ए. ४० टक्क्यांवर उत्तीर्ण होता येतं, पण नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला बसायला खुल्या वर्गासाठी ५५ आणि आरक्षित वर्गांसाठी ५० टक्के लागतात. जनसंज्ञापन व पत्रकारिता हा तिथला ६३ क्रमांकाचा विषय. प्राध्यापकी किंवा पीएच.डी.चा विचार असेल तर अंतर्गत ३० मधले गुण पहिल्या सत्रापासून जपा. शेवटच्या सत्रात टक्केवारी वर ओढणं फार कठीण जातं.

वृत्तपत्राच्या डेस्कवर मात्र गुणपत्रिकेच्या आधी काम बघतात. सहा ते आठ नमुने पुरेत: दोन साध्या बातम्या, एक माहिती अधिकारातून काढलेली, एक आकडेवारीची, एक मुलाखत, एक दोन मिनिटांचा व्हिडिओ. प्रत्येकासोबत तारीख आणि कोणते कागद पाहिले, किती जणांशी बोललो याच्या दोन ओळी जोडा. जिल्हा आवृत्तीकडे अर्ज करताना त्या जिल्ह्यातलं काम सर्वांत वर ठेवा, आणि पाठवण्याआधी गावांची, माणसांची नावं आणि आकडे कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.