घरातल्या वयस्कर किंवा दिव्यांग माणसासाठी कायमची मदत शोधताय? सुरुवात अशी करा

बहुतेक घरांत हा शोध डिस्चार्जच्या दिवशी सुरू होतो. डॉक्टर सांगतात उद्या घरी न्या, आणि तेव्हा कळतं की घरी नेऊन उचलायचं कुणी, आंघोळ कोण घालणार, रात्री कोण जागणार याचा काहीच पत्ता नाही. मग जो नंबर मिळेल तो फिरवायचा, जी बाई किंवा जो माणूस मिळेल तो ठेवायचा, महिनाभरात भांडण होऊन तो सोडून जातो आणि परत पहिल्यापासून सुरू. म्हणून सांगते, घरातलं माणूस अजून हिंडतंफिरतंय, बोलतंय, स्वतःचं मत देतंय तेव्हाच हे काम हातात घ्या. आणि घेताना "यांना सांभाळणार कोण" या प्रश्नाने सुरुवात करू नका, कारण त्याचं उत्तर एकच येतं, कुणीतरी एक जण, आणि तो एक जण पार पिचून जातो. प्रश्न असा विचारा की दिवसातल्या कुठल्या वेळी, कुठल्या कामाला, दुसऱ्याचा हात लागतो.

पहिलं काम: आठवडाभर नुसतं लिहून काढा

एक वही घ्या आणि आठ दिवस त्या माणसाचा दिवस टिपून ठेवा. काय लिहायचं याला आधीच तयार मापं आहेत. सिडनी काट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1963 मध्ये रोजच्या सहा गोष्टींची यादी केली, ती अजून जगभर वापरतात: आंघोळ, कपडे घालणं, टॉयलेटला जाणं, पलंगावरून-खुर्चीवरून उठबस, लघवी-शौचावरचा ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. यातली पहिली सुटते ती साधारणपणे आंघोळ, आणि शेवटपर्यंत टिकतं ते हाताने जेवणं. त्यामुळे "अजून स्वतः जेवतात हो, काही गरज नाही मदतीची" असं जे आपण म्हणतो ना, ते तपासून बघा, कारण तोवर बाकीचं बरंच सुटलेलं असू शकतं.

दुसरी यादी लॉटन आणि ब्रॉडी या अमेरिकन अभ्यासकांची, 1969 ची. त्यात फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, वेळेवर औषधं घेणं आणि पैशाचे व्यवहार अशी आठ कामं येतात. ही कामं पहिल्या यादीच्या बरीच आधी डगमगायला लागतात. गोळ्यांचं पाकीट भरलेलंच राहतंय, एकच बिल दोनदा भरलं गेलंय, लाईटचं भरायचंच राहिलंय, असं काही दिसलं तर तिथूनच मदत सुरू करायची, पडून हाड मोडायची वाट बघायची नाही.

प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक लिहा: स्वतः करतात, कुणी बाजूला उभं राहिलं तर करतात, पूर्ण करून द्यावं लागतं. आणि वेळ लिहा, वेळ फार महत्त्वाची. रात्री 2 वाजता टॉयलेटला उठवावं लागत असेल तर दिवसा 8 तास येणारा माणूस ठेवून तुमची अडचण सुटणार नाही, आणि फक्त सकाळी आंघोळीपुरताच हात लागत असेल तर 24 तासांचा माणूस ठेवून पैसे जातील आणि त्या माणसाची स्वतः हिंडायची सवयही जाईल. हे दुसरं नुकसान लोकांच्या लक्षातच येत नाही. जे काम त्यांना हळूहळू का होईना जमतंय ते त्यांनाच करू द्यावं असं माझं ठाम मत आहे, शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागली तर लागू देत.

घरी करण्यासारखी एक सोपी टेस्टही आहे. खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. याला 12 सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. अर्थात कुणीतरी शेजारी उभं राहूनच करायचं हे.

त्यांनाच विचारा, त्यांच्यासमोर

घरात मीटिंग होते, मुलं-सुना-जावई सगळे बोलतात, आणि ज्याच्याबद्दल चाललंय तो माणूस आतल्या खोलीत टीव्हीसमोर. असं करू नका हो. "तुम्हाला आता कुठेतरी ठेवायला लागेल" हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. त्याऐवजी "बाबा, आंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये भीती वाटते का? तेवढ्यापुरतं कुणी आलं तर चालेल का, बाईमाणूस नको असेल तर पुरुष बघूया" असं एका कामापुरतं बोला. बहुतेक माणसं एका कामाची मदत घ्यायला तयार होतात, पण आपल्या सगळ्या आयुष्याचा ताबा दुसऱ्याकडे द्यायला कुणीच तयार नसतं, तुम्ही-आम्ही पण नसू.

दिव्यांग माणसाच्या बाबतीत तर हे जास्तच जपायला हवं. संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा दिव्यांग हक्क करार आहे, त्याचं 19 वं कलम सांगतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडायचा हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच आहे, अमुक एका संस्थेतच राहा अशी सक्ती करता येत नाही. त्याच्याही आधी 1972 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी दिव्यांगांना स्वतंत्रपणे राहता यावं म्हणून एक केंद्र उभं केलं. रॉबर्ट्सना पोलिओ झालेला, श्वासासाठी मशीन लागायचं, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं, की मदत करणारा माणूस कसा हवा, त्याने काय करायचं आणि कधी करायचं हे मी ठरवणार. व्हीलचेअरवरचा पंचवीस वर्षांचा मुलगा असेल तर इंटरव्ह्यू त्यालाच घेऊ द्या, तुम्ही शेजारी बसा फक्त.

कुठल्या प्रकारची मदत असते, थोडक्यात

घरी येणारा अटेंडंट म्हणजे आंघोळ, कपडे, उठबस, सोबत. घरी येणारी नर्स म्हणजे इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी), नळीने जेवण. हे दोन वेगळे आहेत, अटेंडंटला नर्सची कामं सांगू नका, त्याला येत असलं तरी. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन बघतात, यातला ऑक्युपेशनल थेरपिस्ट फार कमी लोक बोलावतात, पण बाथरूममध्ये दांडी कुठे लावायची, कमोडची उंची किती वाढवायची, चमचा कसा जाड करायचा हे तोच सांगतो. डे केअर म्हणजे दिवसभर तिकडे, रात्री घरी. रेस्पाइट म्हणजे काही दिवसांपुरतं राहायला पाठवणं किंवा काही दिवसांपुरता माणूस घरी बोलावणं, सांभाळणाऱ्याला सुट्टी मिळावी म्हणून. मग ज्येष्ठांसाठी मदतीसह राहायच्या जागा, पूर्ण वेळ नर्सिंग असलेली केअर होम, दिव्यांगांसाठी छोटे गट करून राहायची घरं. आणि पॅलिएटिव्ह केअर. हे नाव ऐकलं की लोक घाबरतात, पण ते फक्त शेवटच्या आठवड्यासाठी नसतं, दुखणं, धाप, झोप न येणं यावर आजाराच्या कुठल्याही टप्प्यावर मदत मिळते, तेही मूळ ट्रीटमेंट चालू असताना.

कित्येकदा माणसाच्या आधी घर बदलायला लागतं. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार 1:12 च्या वर चढा नको, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दार निदान 80 सेंटिमीटर मोकळं मिळायला हवं. बाथरूममधला टॉवेलचा रॉड आधाराला धरायचा नसतो, तो भिंतीतून उपटून येतो, तिथे खरी ग्रॅब बार, म्हणजे आधाराची पक्की दांडी, बसवा.

शोध कुठून सुरू करायचा

हॉस्पिटलमध्ये असाल तर मेडिकल सोशल वर्करला भेटा, आणि डिस्चार्जच्या दिवशी नको, ॲडमिट केल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. त्यांच्याकडे नर्सिंग एजन्सी, भाड्याने पलंग देणारे, सरकारी योजना सगळ्याची माहिती असते पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. घरीच असाल तर स्थानिक प्रशासनाच्या समाजकल्याण किंवा दिव्यांग विभागात जा, ज्येष्ठांची हेल्पलाइन असेल तर फोन करा, आणि फॅमिली डॉक्टरला विचारा. त्या-त्या आजाराच्या संस्थाही धरा, डिमेंशिया, पार्किन्सन्स, स्पायनल इंजुरी, ऑटिझम, यांचे सपोर्ट ग्रुप असतात आणि तिथली माणसं स्वतः भोगलेली असतात, कुठली एजन्सी माणूस ऐन वेळी पाठवत नाही हे ती तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतील. योजनांमधली पैशाची मदत सर्टिफिकेटशी बांधलेली असते, त्यामुळे अपंगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, विम्याची कागदं एका फाइलमध्ये आधीच लावून ठेवा. हेल्थ इन्शुरन्स हॉस्पिटलचा खर्च देतो म्हणून घरच्या अटेंडंटचा देईलच असं धरू नका, पॉलिसी काढून तो भाग वाचा.

एजन्सीला फोन करताना "पेशंट म्हातारे आहेत, माणूस पाहिजे" एवढंच बोललात तर जो रिकामा आहे तो येईल. वही समोर धरून बोला: "वजन 78 किलो, डाव्या बाजूला पॅरालिसिस, एका माणसाच्या आधाराने उभे राहतात, रात्री दोनदा उठतात, बोललेलं सगळं कळतं पण शब्द सापडत नाहीत." मग विचारा: ट्रेनिंग कुणी दिलंय, पोलिस व्हेरिफिकेशन आहे का, सुट्टीला बदली कोण, अचानक आला नाही तर किती तासांत दुसरा पाठवणार, पैसे एजन्सीला जातात की माणसाला आणि माणसाच्या हातात नक्की किती पडतात. शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका, ज्याच्या हातात काहीच पडत नाही तो टिकत नाही, आणि तो टिकावा असं तर आपल्यालाच वाटतं ना.

पहिल्या दिवशी फक्त एक गोष्ट बघा

अटेंडंट त्यांना पलंगावरून खुर्चीत कसा घेतो ते बघा. पॅरालिसिसच्या हाताला धरून ओढलं की समजून जा. तो खांदा आधीच सैल असतो, ओढण्याने सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. जाणकार माणूस काय करतो, आधी तोंडाने सांगतो "आता उठायचंय हं", खुर्ची चांगल्या बाजूला आणून ठेवतो, ब्रेक लावतो, त्यांची पावलं जमिनीला टेकवतो, स्वतः गुडघ्यात वाकून कमरेला किंवा पट्ट्याला धरतो आणि तीन म्हटल्यावर दोघं मिळून उठतात. दहा सर्टिफिकेटांपेक्षा हे अर्ध्या मिनिटाचं बघणं जास्त सांगून जातं.

केअर होम बघायला जाताना

एकदा वेळ ठरवून जा आणि एकदा न सांगता संध्याकाळी जा, ड्यूटी बदलायच्या वेळेला. लॉबी, बाग, ॲक्वेरियम बघू नका. पलंगाशेजारी उभे राहा आणि बघा, बेल त्या माणसाच्या हाताला लागतेय का की भिंतीवर टांगलीय, पाण्याचा ग्लास पोचेल एवढ्यावर आहे का, नखं कापलेली आहेत का, चष्मा पुसलेला आहे का, कानाचं मशीन कानात आहे की ड्रॉवरमध्ये. कुणी बेल वाजवली तर तुम्ही मनात मोजत राहा किती वेळाने कोण येतं. जे अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांना किती वेळाने कुशीवर वळवता असं विचारा, साधारण दोन तासांनी वळवायची पद्धत आहे, आणि त्याची नोंद दाखवा म्हणा. रात्री किती माणसांमागे किती स्टाफ, डॉक्टर कधी येतो, हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली तर सोबत कोण जातं, भेटायच्या वेळा कशा आहेत. भेटायच्या वेळा फारच मोजक्या ठेवल्या असतील तर मी तरी ती जागा सोडून देईन.

सही करायच्या आधी करार घरी आणून वाचा. डिपॉझिट परत कधी मिळतं, गरज वाढली तर रेट किती वाढतो, कुठल्या परिस्थितीत ते जागा सोडायला सांगू शकतात, डायपर-औषधं-फिजिओ वेगळे का, हे सगळं लेखी पाहिजे. आणि कायमचं ठरवण्याआधी दोन आठवडे राहून बघायला मिळतंय का विचारा. वेटिंग लिस्ट असेल तर नाव आजच घालून ठेवा, नंबर आला म्हणून जायलाच पाहिजे असं नसतं.

आई-वडिलांबरोबर राहणारं मोठं दिव्यांग मूल असेल तर "आमच्यानंतर काय" याची तयारी आईवडील धडधाकट असतानाच करा. महिन्यातून एक रात्र बाहेर, मग वीकेंड, मग आठवडा, अशी सवय लागते. आणि एक पान लिहून ठेवा: त्याला काय आवडतं, कशाने बिथरतो, दुखतंय हे तो कसं दाखवतो, झोपताना कुठला दिवा लागतो. हे आईला तोंडपाठ असतं आणि दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं.

सांभाळणाऱ्याचंही बघा

घरात जो मुख्य सांभाळतोय त्याला सुट्टी ठरलेली हवी, जमेल तेव्हा नाही. सांभाळणाऱ्यावरचा ताण मोजायला झरीट नावाची 22 प्रश्नांची प्रश्नावली आहे, डॉक्टर किंवा सोशल वर्करकडे मागा. झोप उडालीय, रागाच्या भरात हात उचलला जाईल अशी भीती वाटायला लागलीय, तर त्याच आठवड्यात रेस्पाइट शोधा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सोय लागल्यावर

पहिला महिना रोज पाठ, टाचा, माकडहाड बघा. लाल डाग दिसला की बोटाने दाबा, दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर ठीक, दाबूनही लालच राहिला तर बेडसोरची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजून लगेच डॉक्टर किंवा नर्सला सांगा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरं लागतंय का. दर तीन महिन्यांनी तीच वही काढून परत भरा, मदत वाढवायची की कमी करायची ते त्यावरून ठरवा, कमीही करता येते बरं का, फिजिओ नीट झाली की माणूस परत स्वतः टॉयलेटला जायला लागतो. आणि एक-दोन दिवसांत अचानक बडबड सुरू झाली, माणसं ओळखेनात, दिवसभर ग्लानी, तर "आता यांचं वय झालं, मोठी जागा बघूया" असं म्हणून केअर होमच्या मागे लागू नका, आधी डॉक्टर. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन चालू केलेली गोळी, बद्धकोष्ठ, यातलं काहीही असू शकतं, आणि कारण सापडून उपचार झाले की बऱ्याचदा माणूस हळूहळू पूर्वीसारखा बोलायला लागतो.