फी बाकी म्हणून दाखला अडवलाय?

जूनमध्ये जळगाव-धुळ्याकडे हे दरवर्षी घडतं: कपाशीचा पैसा हातात नाही, फी थकलेली, आणि शाळा दाखला देत नाही. तोंडी विनवण्या थांबवा, लेखी मागा.

१. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज, दोन प्रती. मुलाचं नाव, इयत्ता, जनरल रजिस्टर नंबर आणि एवढंच: ‘शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५(३) नुसार दाखला तात्काळ द्यावा.’
२. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. खरा जोर या शिक्क्यातच आहे. क्लार्क घेत नसेल तर तिथं वाद नको, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा.
३. तरीही नाही? पोचेची झेरॉक्स जोडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या.

तोवर पोराला घरी बसवू नका! दाखल्याला उशीर झाला म्हणून जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. जन्मदाखला सोबत न्या.

मात्र हा कायदा आठवीपर्यंतचाच, आणि यानं थकलेली फी माफ होत नाही.