भूतानला जाताय? आधी एसडीएफचा हिशोब करा
मार्च 2020 पासून बंद असलेलं भूतान 23 सप्टेंबर 2022 ला उघडलं आणि तेव्हापासून आपल्यालाही एसडीएफ (सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी, म्हणजे पर्यटकांकडून घेतली जाणारी सरकारी फी) लागतो, माणशी एका रात्रीचे 1200 रुपये. दिवस नाही, रात्री मोजायच्या बरं का, म्हणजे 5 रात्री दोघं गेलात तर 12000 नुसती फी, हॉटेल गाडी वेगळं, आणि सोबत 8 वर्षांचं पोरगं असेल तर त्याची निम्मी फी म्हणजे अजून 3000. महाग वाटतं खरं, पण बाकीच्या विदेशी लोकांना 200 डॉलर होते, नंतर 100 केले.
व्हिसा नको, परमिट लागतं. पासपोर्ट नाहीतर व्होटर आयडी ओरिजिनल घ्या, आधार चालत नाही!! पोरांचा जन्मदाखला विसरू नका.