दोघांचे दोन पॅच, एकच बिघाड: एकत्र काम करताना या चुका टाळा

कापसाचे वजन आणि चुकाऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या मुक्त स्रोत अ‍ॅपवर मी दारव्हा तालुक्यातील गावातून काम करतो आणि माझा सहकारी आर्वीकडून. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस वीज नव्हती. त्याच काळात 12 क्विंटलची नोंद अहवालात 12 किलो दिसत असल्याचे आम्हा दोघांच्याही लक्षात आले. मी नोंदीच्या फॉर्ममध्ये शंभराने गुणले, त्याने अहवालात गुणले. फायली वेगळ्या असल्याने कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाने दोन्ही बदल (पॅच) निमूटपणे एकत्र केले आणि अहवालात 1,20,000 किलो कापूस उभा राहिला.

यातली पहिली चूक म्हणजे काम हाती घेतल्याचे न सांगणे. कोड लिहिण्याआधी इश्यूवर (बिघाडाच्या सामायिक नोंदीवर) ‘हे मी करतो आहे’ एवढी ओळ टाकावी आणि अर्धवट का होईना, ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीचा मसुदा) उघडावी. रेंज नसेल तर कमिट (बदलाची गिटमधील नोंद) गावात बसून करता येते. मात्र रेंज मिळताच पुश करण्यापूर्वी, म्हणजे आपले बदल वर पाठवण्यापूर्वी, फेच करून सहकाऱ्याचे नवे काम वाचावे. संघर्ष (एकाच ओळीवर दोन वेगळे बदल) आला नाही म्हणजे बदल जुळले, असे समजू नये. गिट ओळी जुळवते, अर्थ जुळवत नाही. 12 क्विंटल भरले की 1,200 किलो यावेत, अशी एक चाचणी आमच्याकडे असती तर ही चूक मर्जपूर्वीच (बदल एकत्र होण्यापूर्वीच) पकडली गेली असती.

दोन पॅच तंतोतंत सारखे असतील तर रीबेस करताना (आपले कमिट मुख्य शाखेच्या, म्हणजे सामायिक कोडच्या, नव्या टोकावर पुन्हा मांडताना) गिट दुसरा सहसा आपणहून वगळते, आणि ‘गिट चेरी’ ही आज्ञा अशा कमिटपुढे वजा चिन्ह दाखवते. पण एका चलाचे नाव जरी वेगळे असले तरी ही ओळख पटत नाही, म्हणून अखेर माणसानेच वाचावे लागते. एक पॅच बंद करताना त्यातील चाचणी किंवा कल्पना घेतली असेल, तर कमिटच्या शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ या ओळीत त्या सहकाऱ्याचे नाव अवश्य द्यावे. रात्री जागून केलेले काम बिननावाने पुसले जाणे मला फार अन्यायाचे वाटते.

दुसरा पॅच पहिल्यावर अवलंबून असेल तर ‘आधी अमुक क्रमांकाची रिक्वेस्ट मर्ज करावी’ असे वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहावे. खरी अडचण पहिली रिक्वेस्ट स्क्वॉश करून (तिचे सगळे कमिट एकात गुंडाळून) मर्ज केल्यावर येते: तिचे जुने कमिट दुसऱ्या शाखेत तसेच राहतात, गिटला ते नव्या कमिटशी ओळखता येत नाहीत आणि आपणच लिहिलेल्या ओळींवर संघर्ष उभा राहतो. अशा वेळी तो हाताने सोडवत बसू नये. रीबेसचा ‘ऑनटो’ पर्याय वापरून पहिल्या शाखेच्या जुन्या टोकानंतरचेच कमिट मुख्य शाखेवर उचलून ठेवावेत.

लायब्ररीची आवृत्ती दोघांनी वाढवली की लॉक फाइलमध्ये (लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) असाच गुंता होतो. ती फाइल हाताने जुळवू नये. आधी पॅकेज फाइलमधील (हव्या असलेल्या लायब्रऱ्यांच्या यादीतील) आवृत्ती दोघांनी बोलून ठरवावी, मुख्य शाखेची लॉक फाइल घ्यावी आणि लायब्रऱ्या बसवणारी ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा पुन्हा चालवावी. त्यानंतर ‘एनपीएम सीआय’ चालवून पाहावे, कारण पॅकेज आणि लॉक या दोन फायली जुळत नसतील तर ती आज्ञा तिथेच थांबते. आमच्याकडे आवृत्तीवाढ आता स्वतंत्र पुल रिक्वेस्टमध्येच होते आणि ती कोण करणार हे फोनवर आधी ठरते.