वीज गेली तरी दूरच्या खात्यावरचे काम चालू राहावे म्हणून
उन्हाळ्यात धुळ्याच्या आमच्या लॅबमधली वीज गेली, की एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीने) जोडलेल्या दूरच्या खात्यावर तासभर चाललेला प्रोग्रामही जोडणीबरोबर बंद पडतो.

1. लॉगिन झाल्यावर त्या दूरच्या संगणकावरच (लॅबच्या नव्हे) 'स्क्रीन' (जोडणी तुटली तरी प्रोग्राम चालू ठेवणारे साधन) ही आज्ञा द्यावी आणि मगच प्रोग्राम सुरू करावा.

2. निघताना कंट्रोल आणि ए एकत्र दाबून सोडावे, नंतर डी दाबावे; म्हणजे आपण पडद्यापासून वेगळे होतो आणि प्रोग्राम मागे चालूच राहतो.

3. पुन्हा जोडल्यावर 'स्क्रीन', मोकळी जागा, उणे चिन्ह आणि लहान आर टंकले, की तोच पडदा जसाच्या तसा समोर येतो. जुनी जोडणी अडकून राहिली असेल, आणि वीज गेल्यावर ती बहुधा राहतेच, तर आरच्या आधी लहान डी जोडावा.

लॅबचा संगणक सामाईक असल्याने उठण्यापूर्वी लॉगआउट मात्र करावेच.