ट्रकजवळ ग्रिल पेटवताना

ग्रिल ट्रकपासून निदान ३ मीटर लांब, सपाट जमिनीवर मांडा. डिझेलच्या टाकीच्या बाजूला तर नकोच. पाऊस आला तरी केबिनमध्ये किंवा ट्रेलरमध्ये पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

गॅसची नळी जोडली की सांध्याला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे फुगले तर गॅस गळतोय. कॉक बंद करून वॉशर बघा. पेटवताना झाकण उघडंच हवं, नाहीतर साठलेला गॅस भडकतो. मग झाकण लावून जाळी १० मिनिटं तापू द्या. गार जाळीला मांस चिकटतं आणि उलटताना फाटतं. तेल मांसालाच चोळा, जाळीवर ओतलेलं नुसतं जळतं.

बिनहाडाचं चिकन बोटभर जाड कापा, प्रत्येक बाजू साधारण ५-६ मिनिटं. वाऱ्यात वेळ वाढतो. रंगावर जाऊ नका: बाहेरून करपलेला तुकडा आत गुलाबी निघतो. सुईचा थर्मामीटर मधोमध खुपसा, ७४ अंश सेल्सिअस दिसलं की उतरवा.

कोळसा वापरला असेल तर पाण्यात पूर्ण भिजवा. वर पांढरी राख दिसली तरी आत निखारा तासन्‌तास जिवंत असतो. गॅस असेल तर सिलेंडर सुटा करून, उभाच बांधून, केबिनच्या बाहेर ठेवा.